मिताहाराचे माप : सांताक्रूझमधील एका विचारपरंपरेचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासात सांताक्रूझचा उल्लेख बहुधा विमानतळाच्या, रेल्वेच्या किंवा कलिन्याच्या विद्यानगरीच्या अनुषंगाने येतो. आहारविचाराच्या इतिहासातही या उपनगरास एक स्थान आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. स्वामी कुवलयानंद यांच्या कैवल्यधाम या संस्थेची मुंबई शाखा १९३२ साली प्रथम सांताक्रूझ येथेच उघडली. चार वर्षांनी ती चौपाटीवर गेली. श्रीयोगेंद्र यांनी स्थापिलेली योग इन्स्टिट्यूट स्वातंत्र्याच्या सुमारास सांताक्रूझच्या पूर्व भागात स्थिरावली व आजही तेथेच आहे. हे दोघेही नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांचे शिष्य होत. दोघांनीही आसनप्राणायामांच्या जोडीने मिताहाराचा उपदेश शहरी गृहस्थास केला. मिताहार म्हणजे मोजका आहार. परंतु हे मोजावयाचे कशाने, आणि माप कोणाच्या हाती असावयाचे, हा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला आहे. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे वळणे इष्ट होईल. मराठीतील ‘भूक’ हा शब्द संस्कृत ‘बुभुक्षा’ या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आला. ‘बुभुक्षा’ हे ‘भुज्’ धातूचे इच्छार्थक रूप. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता भूक ही खाण्याची इच्छा होय. शरीराच्या गरजेसाठी संस्कृतात ‘क्षुध्’ हा निराळा धातू आहे. मराठीच्या बोलीत मात्र ‘क्षुधा’ ग्रंथांत राहिली आणि तिचे कार्य ‘भूक’ या शब्दाकडे आले. इच्छेचा अर्थ अशा रीतीने मागे पडल्यावर भाषेने त्याच्यासाठी दुसरे शब्द योजिले : हाव, वखवख, खाखा, जिभेचे चोचले, डोळ्यांची भूक. याच्या उलट आजारी माणसाची ‘अन्नावर वासना नाही’ असे म्हणतात. तेथे वासना हा दोष नसून प्रकृतीचे लक्षण आहे. पोटाची मागणी आणि मनाची ओढ या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ओढ मुळीच नसणे हेही अनारोग्यच, असा विवेक सामान्य बोलीने केलेला आहे.

शरीराच्या आकारमानाविषयीचे शब्द याहूनही बोलके आहेत. मूल बाळसे धरते, माणूस अंगाने भरतो, त्याची तब्येत सुधारते. हे सारे शब्दप्रयोग वजन वाढल्याचे सांगतात व ते शुभसूचक आहेत. वजन घटल्याचे शब्द पाहावेत : वाळणे, रोडावणे, खंगणे, उतरणे. यांतील प्रत्येकामागे रोग, चिंता किंवा दारिद्र्य यांची छाया आहे. ‘वजन’ हा शब्द स्वतः अरबी-फारसी मार्गाने मराठीत आला आणि येथे त्यास प्रतिष्ठेचा अर्थ चिकटला. ज्या समाजात दुष्काळाची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या ताजी होती, त्याच्या भाषेत असे होणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ‘वजन कमी करणे’ हा सकर्मक व हेतुपूर्वक प्रयोग या शब्दसंपत्तीत उशिरा आलेला पाहुणा आहे.

तथापि ग्रंथपरंपरा इतकी एकांगी नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना निंद्य देहांत केली आहे, आणि दोहोंत कृशता बरी असा निर्वाळाही दिला आहे. त्याहून महत्त्वाचे आहे ते तेथील भुकेचे स्पष्टीकरण. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यातच फिरतो व जठराग्नीस चेतवितो. म्हणून स्थूल मनुष्यास अन्न लवकर जिरून पुन्हा तीव्र भूक लागते, असे चरकाचे म्हणणे आहे. हे शारीरविज्ञान आज मान्य होणारे नाही. परंतु त्यामागील भूमिका लक्षणीय आहे. स्थूल माणसाची भूक हा येथे चारित्र्याचा दोष मानलेला नसून देहाच्या स्थितीचा परिणाम मानलेला आहे. उपायही त्यास धरूनच आहे. पचावयास जड परंतु पोषणाने हलके अन्न द्यावे, असे सांगून जव, मूग, कुळीथ इत्यादी धान्ये सुचविली आहेत. जागरण, व्यायाम इत्यादी उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत, असेही सांगितले आहे. पोट भरावे पण मेद वाढू नये, ही त्यामागची युक्ती उघड आहे.

मापाच्या बाबतीत या परंपरेचे एकक वजन नसून पोटाचा अंश हे होते. चरकाने कोठ्याचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक दोषांसाठी सांगितला. वाग्भटाने चार भाग केले. दोन अन्नाने व एक पेयाने भरून चौथा वायूसाठी मोकळा ठेवावयाचा. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत स्वात्मारामानेही मिताहाराच्या व्याख्येत चतुर्थांश रिकामा ठेवण्यास सांगितले. हे माप दुसऱ्यास तपासता येत नाही. ते जेवणाऱ्याने स्वतःच आतून ओळखावयाचे आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हीच भूमिका मराठीत अवतरली. जिभेच्या अंकित झालेला मनुष्य योगास अधिकारी नाही, तसाच हट्टाने तहानभूक कोंडून आहार तोडणाराही नाही, असे सांगून ज्ञानदेवांनी आहार युक्तीच्या मापाने मोजून घेण्यास सांगितले आहे. हे माप शेराचे किंवा पायलीचे नसून विवेकाचे आहे.

विसाव्या शतकात हे आंतरिक माप शहरात आले तेव्हा तेथील परिस्थिती निराळी होती. योग इन्स्टिट्यूटची स्थापना २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोवा येथे दादाभाई नौरोजी यांच्या निवासस्थानी झाली. तिचे संस्थापक योगेंद्र, मूळचे मणिभाई हरिभाई देसाई, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. दादाभाई आदल्या वर्षी निवर्तले होते. हिंदी जनतेच्या दारिद्र्याचा हिशोब मांडताना दादाभाईंनी तुरुंगातील कैद्यांस मिळणाऱ्या अन्नाचे प्रमाण विचारात घेतले होते. दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये धरले, तर सामान्य माणसास कैद्याइतकेही अन्नवस्त्र परवडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या पुरुषाने देशाच्या भुकेचे गणित मांडले, त्याच्या घरी मिताहाराची शाळा निघावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ते वर्षही साधे नव्हते. १९१८ मध्ये पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईस ग्रासले होते. आणि संस्थेच्या स्थापनेनंतर काही दिवसांतच, जानेवारी १९१९ मध्ये, महागाईने गांजलेल्या सुमारे लाखभर गिरणीकामगारांनी संप केला.

या पार्श्वभूमीवर ‘अर्धपोटी’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. वाग्भटाच्या मते अर्धे पोट अन्नाने भरणे ही आरोग्याची खूण. मराठीत मात्र ‘अर्धपोटी’ म्हणजे उपाशी ठेवलेला, ज्याच्यावर अन्याय झाला आहे असा. अंश तोच, परंतु अर्थ उलटा. याचे कारण अन्नाच्या परिमाणात सापडत नाही. ताटावरून उठणारा हात स्वतःचा आहे की दुसऱ्याने ताट काढून घेतले आहे, यावर तो अर्थ अवलंबून आहे. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा हा भेद शहरातील प्रत्येक घराच्या अनुभवास आला. धान्य मोजून मिळू लागले, पण ते माप सरकारचे होते. त्यामुळे बंगालप्रमाणे उपासमार होण्याचा प्रसंग मुंबईवर आला नाही, ही गोष्ट मान्य करूनही, शिधापत्रिकेवरील मोजक्या धान्यास कोणी मिताहार म्हटले नाही.

दरम्यान मापाचे स्वरूप दुसऱ्या एका दिशेने बदलत होते. १९१२ साली अमेरिकेत कॅनन व वॉशबर्न यांनी भुकेच्या वेळी जठर आकुंचन पावते हे दाखविले. वॉशबर्न यांनी त्यासाठी स्वतः रबरी फुगा गिळला होता. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून कुवलयानंदांनी उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी उदरात होणारे दाबाचे बदल क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने प्रसिद्ध केले. उदरातील रिक्तता, जी हठप्रदीपिकेत अनुभवाने ओळखावयाची होती, ती आता नळीतील पाऱ्याच्या उंचीवर वाचता येऊ लागली. सांताक्रूझ व नंतर चौपाटी येथील शाखेत हाच दृष्टिकोन रुग्णांच्या उपचारास लावण्यात आला. या घटनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. तरी तिच्याबरोबर एक स्थित्यंतरही घडले. माप जेवणाऱ्याच्या आतून उपकरणाकडे गेले, आणि पुढे घरोघरी वजनकाटा आला तेव्हा ते आकड्यात स्थिर झाले.

येथे उपास आणि पथ्य यांतील भेद ध्यानात ठेविला पाहिजे. सांताक्रूझसारख्या वस्तीत एकादशी, रमजानचे रोजे आणि मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ हे सर्व शेजारीशेजारी पाळले जातात. या सर्वांस ठरलेला शेवट आहे; उपासानंतर पारणे येते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीने त्यातील दुबळेपणा नेमका पकडला आहे. मराठी घरातील उपासाचे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा हे मुख्य पदार्थ ज्या वनस्पतींपासून येतात, त्या मुळात दक्षिण अमेरिकेतील असून युरोपीय व्यापाराबरोबर या देशात आल्या. त्यामुळे जुन्या फराळाचा हलकेपणाही त्यात फारसा उरलेला नाही. ‘पथ्य’ या शब्दाची घडण निराळी आहे. पाणिनीच्या चौथ्या अध्यायातील सूत्रानुसार जे पथापासून ढळलेले नाही ते पथ्य. वाटेस शेवट असेलच असे नाही; तीवरून चालत राहावयाचे असते. घटविलेले वजन टिकविण्याचा प्रश्न उपासाच्या शब्दांत मांडला की तो सुटत नाही, कारण तो मुळात पथ्याचा प्रश्न आहे.

आधुनिक संशोधन याच निष्कर्षाकडे निर्देश करते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस स्वयंसेवकांस सहा महिने अर्धपोटी ठेविले. त्यांचे सारे चिंतन अन्नाभोवती फिरू लागले, आणि बंधन उठल्यावरही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमली नाही. १९९४ साली मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिनचा व १९९९ साली जठरातून स्रवणाऱ्या घ्रेलिनचा शोध लागला. पहिले मेंदूस मेदाचा साठा कळविते, दुसरे भूक जागवते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात पन्नास स्थूल व्यक्तींस दहा आठवडे अत्यल्प आहार दिला असता लेप्टिन घटले, घ्रेलिन वाढले, आणि वर्षभरानंतरही हे बदल पूर्ववत झाले नाहीत; भुकेची जाणीवही वाढलेलीच राहिली. चरकाचा वायू आज प्रयोगशाळेत सापडणार नाही. परंतु स्थूल देहाची भूक देहच उत्पन्न करतो, हे त्याचे विधान निराळ्या कारणांनी खरे ठरले आहे. ज्याचे घटलेले वजन पुन्हा वाढले त्यास केवळ असंयमी ठरविणे, हे म्हणूनच इतिहासास धरून नाही व विज्ञानासही नाही.

वजनकाट्याच्या आकड्याची मर्यादाही महाराष्ट्रातच स्पष्ट झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटेखानी तुलना प्रसिद्ध केली. त्यांचा स्वतःचा व त्यांचे ब्रिटिश सहकारी यडकिन यांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण यडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. दिसावयास सडपातळ परंतु आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह होय. भारतीयांसाठी २३ हा निर्देशांक अतिवजनाची व २५ ही स्थूलतेची सीमा धरण्याचे २००९ मध्ये ठरले, त्यामागे अशाच स्वरूपाचे पुरावे होते. गर्भावस्थेतील अपोषणाचा या मेदाशी संबंध असावा, असे याज्ञिक यांच्या पुणे परिसरातील खेड्यांमधील अभ्यासावरून दिसते. दादाभाईंनी हिशोब मांडलेली भूक आणि आजच्या उपनगरातील मधुमेह यांत म्हणूनच वाटते तितके अंतर नाही.

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. मिताहाराची परंपरा ही आहार तोडण्याची परंपरा नव्हती. पोट भरणारे परंतु मेद न वाढविणारे अन्न, क्रमाने होणारा बदल, रिकामा ठेवावयाचा अंश स्वतः ओळखण्याचा अभ्यास आणि शेवट नसलेले पथ्य, ही तिची अंगे होत. यांपैकी उपकरणाने मोजता येण्यासारखी अंगे विसाव्या शतकाने उचलली व अभ्यासाचे अंग मागे पडले. त्याचबरोबर हेही विसरता कामा नये, की ज्याच्या ताटात निवड करण्याइतके अन्न आहे त्यासच हा उपदेश लागू पडतो. अर्धपोटी माणसास मिताहार सांगणे ही क्रूर थट्टा होय. आणि मराठी भाषेने हे दोन शब्द एकमेकांपासून दूर ठेवून ती थट्टा आजवर टाळली आहे.