शिपशेवाना

* शिपशेवाना : अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील, उत्तर सीमेलगतचे छोटे गाव. भोवताली आमिश लोकांची दाट वस्ती आहे. १६९३ मध्ये युरोपातील अॅनाबाप्टिस्ट ख्रिस्ती पंथात फूट पडली. त्यातील याकोब आमान यांचे अनुयायी ते आमिश. ते मोटार बाळगत नाहीत, घरात तारेवरची वीज घेत नाहीत आणि आपसात जर्मनची एक बोली बोलतात. गावातील दुकानांपुढे घोडे बांधायला आडवे दांडे असतात. काळ्या बग्गीच्या पाठीवरचा नारिंगी त्रिकोण म्हणजे संथ वाहनाची खूण. तो दिसताच मागच्याने वेग कमी करायचा. लेखिका ज्या आर.व्ही.त, म्हणजे चाकांवरच्या घरात, बारमाही राहतात, तशा बहुतेक गाड्या शेजारच्या एल्कहार्ट परिसरातच तयार होतात आणि त्या कारखान्यांत आमिश कामगार मोठ्या संख्येने आहेत. स्वतः बग्गीतून फिरणाऱ्यांनी इतरांच्या फिरत्या बिऱ्हाडाची कपाटे, भिंती, छप्पर जोडलेले असते. पुढचे प्रकरण वाचताना हे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपादक