मराठी भयकथेचा लोकाश्रय

मराठी भयकथेचा इतिहास केवळ लेखकांच्या नामावलीने पुरा होणार नाही. ह्या वाङ्मयप्रकारास राजाश्रय लाभला नाही आणि विद्यापीठांचा आश्रयही फारसा लाभला नाही. तो जगला तो वर्गणीदार वाचकांच्या बळावर. हा आश्रय त्यास कोणत्या मार्गांनी मिळाला व त्याच्या खुणा आज कोठे शोधाव्यात, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्यासाठी ठाणे ते कल्याण हा लोहमार्गाचा पट्टा, आणि त्यातही दिवा हे स्थानक, नजरेपुढे ठेवणे उपयुक्त ठरते.

दिवा हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. ग्रामनामाचा संबंध दीप ह्या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु दिवे आगर, दिवे अंजूर ही समुद्राच्या व खाडीच्या सान्निध्यातील नावे जमेस धरता द्वीप ह्या शब्दाचा विचार अधिक सयुक्तिक वाटतो. १८५३ साली ठाण्यास पोचलेली आगगाडी १८५४ मध्ये ह्याच बाजूने कल्याणपर्यंत गेली. पुढे वसई व पनवेल ह्या दोन्ही दिशांचे फाटे येथे मिळाले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाल्यावर सावंतवाडीकडील गाडीचे आरंभस्थान म्हणूनही दिव्याचे नाव कोकणात घरोघरी पोचले. मुंबईतील जागा न परवडणारी असंख्य कोकणी कुटुंबे ह्या परिसरात वसली. त्यांच्या सामानसुमानाबरोबर भुतांची एक सविस्तर परिभाषाही येथे आली असली पाहिजे, हे मानण्यास फारशा पुराव्याची गरज नाही.

ही परिभाषा किती सविस्तर होती हे पाहावयाचे असल्यास एंथोवेन ह्यांनी १९१५ मध्ये सिद्ध केलेला कोकणच्या लोकसमजुतींवरील ग्रंथ चाळावा. त्याची मूळ सामग्री जॅक्सन ह्यांनी जमविली होती. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे ह्यांच्या गोळीस बळी पडलेले जिल्हाधिकारी ते हेच. प्रश्नावलीस उत्तरे दिली ती प्रायः गावोगावच्या शाळामास्तरांनी. त्या उत्तरांतून मुंजा, समंध, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, देवचार, जखीण, हडळ, अलवंतीण, लावसट अशी एक पंगतच समोर येते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही पंगत मोठी उद्बोधक आहे. जखीण ही प्राकृतातील जक्खिणी, म्हणजे संस्कृतातील यक्षिणी. समंध हा संबंध ह्या शब्दाचाच अपभ्रंश. खवीस हा अरबी खबीस, म्हणजे दुष्ट. आणि पाण्यात राहून माणसास ओढून नेणारा गिऱ्हा हा ग्रह किंवा ग्राह ह्यांपैकी एकाचा वंशज असावा. तथापि अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ह्या नावांमागे एक सामाजिक नोंदवही दडलेली आहे. मुंज झाली पण लग्न राहिले, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती अलवंतीण. धनाची किंवा संततीची वासना उरली, तो समंध. भुताचे नाव कळले की त्याचा संस्कार कोठे अडला हे कळे, पुष्कळदा जातही कळे, आणि उपायही ठरे. भय होते, पण ते अनोळखी नव्हते.

छापील भयकथेने नेमका हाच ओळखीचा धागा तोडला. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली, आणि त्यांतील अशुभ शक्तीला पुष्कळदा जात नाही, गोत्र नाही, निश्चित नावही नाही. नपुंसकलिंगी ‘ते’ एवढाच तिचा निर्देश. मराठीच्या त्रिलिंगी व्यवस्थेत हे सर्वनाम किती थंडपणे काम करू शकते, ह्याची जाणीव त्यांना पुरेपूर होती. अशा शक्तीपुढे गावचा भगत निरुपयोगी ठरतो. म्हणून त्यांना समर्थ हा नवा मांत्रिक, खरे म्हणजे मांत्रिक व शास्त्रज्ञ ह्यांच्या सीमेवरचा पुरुष, निर्माण करावा लागला. धारपांनी परकीय साहित्यातून मुक्तपणे उचल केली हे खरे. ‘लुचाई’ व ‘शपथ’ ह्या कादंबऱ्यांमागे स्टीफन किंग ह्यांच्या कादंबऱ्या आहेत, आणि त्याबद्दल समीक्षकांनी नाके मुरडली. परंतु नाट्यछटेपासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत मराठीतील कोणता प्रकार परक्या बीजाशिवाय रुजला? प्रश्न बीजाचा नसून जमिनीचा आहे. चाळीतील अंधारा जिना, भाड्याने घेतलेले जुने घर, बदलीचे गाव ही जमीन धारपांची स्वतःची होती, आणि ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाला ती परिचित होती.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांची वाट वेगळी. त्यांनी ‘गूढकथा’ हा शब्द आग्रहाने वापरला. ‘खेकडा’ पासूनच्या त्यांच्या संग्रहांत भीतीचा उगम बहुधा माणसाच्या मनात असतो. हा शब्दभेद केवळ रुचीचा नव्हता. ‘भुताच्या गोष्टी’ मुलांच्या व नोकरमाणसांच्या, ‘रहस्यकथा’ बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडाच्या, तर ‘गूढकथा’ सुशिक्षिताने दिवाणखान्यात ठेवावी अशी, ही प्रतवारी त्यामागे होती. तरीही प्रतिष्ठेचे दार अर्धेच उघडले. मतकरींना २००३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला तो नाट्यलेखनासाठी, आणि २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो बालसाहित्यासाठी. ज्या कथांमुळे हजारो घरांत रात्री दिवा मालवणे लांबणीवर पडले, त्या कथा ह्या सन्मानपत्रांच्या बाहेरच राहिल्या.

मग ह्या लेखनास पोसले कोणी? एक उत्तर दिवाळी अंक हे आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पाडलेल्या प्रथेचा सर्वांत चतुर उपयोग अनंत अंतरकर ह्यांनी केला. ‘हंस’ व ‘मोहिनी’ ह्यांच्या जोडीस ‘नवल’ हे अद्भुत व गूढ कथांना वाहिलेले नियतकालिक त्यांनी काढले. १९६० च्या सुमारास सुरू झालेला ‘धनंजय’ त्याच परंपरेतला.

दुसरे आणि अधिक खोल उत्तर फिरत्या वाचनालयांत सापडते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. ह्या संस्था सार्वजनिक होत, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे शासकीय अनुदान मिळू लागले. गल्लीतील खाजगी वाचनालय ह्या व्यवस्थेबाहेर होते. अनामत रक्कम, मासिक वर्गणी, खाकी वेष्टन आणि दोऱ्याने पुन्हा शिवलेली बांधणी, एवढेच त्याचे भांडवल. ज्या पुस्तकाला मागणी नाही ते फळीवर ठेवणे त्यास परवडत नसे. आणि ज्याला मागणी आहे ते, समीक्षक काहीही म्हणोत, घ्यावेच लागे. संध्याकाळच्या गाडीतून उतरलेला कारकून किंवा दुपारची कामे आटोपलेली गृहिणी ‘धारपांचे नवे काही आले का’ असे विचारी, त्या प्रश्नाच्या आधारावर लहान प्रकाशकाची पुढची आवृत्ती निघे. अनुदानाचा आधार नसणे हेच येथे स्वातंत्र्याचे कारण झाले.

नवा वाचक ह्या पुस्तकांपर्यंत पोचे तोही ह्याच मार्गाने, कारण दुसरा मार्ग जवळजवळ बंद होता. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीस ८९१.४६३ हा अंक आहे. त्याखाली हरिभाऊ आपटे आणि नारायण धारप शेजारी बसतात. रंगनाथनांची द्विबिंदू पद्धती लेखकाचे जन्मवर्ष सांगते, पण पुस्तकात भूत आहे की नाही हे सांगत नाही. भयकथेची सूची अशी जी काही होती ती वाचनालय चालविणाऱ्याच्या स्मरणात होती. ‘हे आवडले, तर ते न्या’ हे त्याचे वाक्य म्हणजेच ह्या प्रकाराची खरी तालिका.

स्मरणावर उभारलेली सूची माणसाबरोबर जाते, आणि वाचनालय मिटले की पुस्तके रद्दीत जातात. धारपांची कित्येक पुस्तके मध्यंतरी दुर्मिळ झाली. वाचक जुन्या बाजारात त्यांचा शोध घेत, एकमेकांस प्रती देत. पुढे साकेत प्रकाशनाने त्यांतील अनेकांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ ह्या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे ह्यांनी सांगितले आहे. हे नाव ऐकून धारपांकडे वळलेला तरुण वाचक आज हृषीकेश गुप्ते ह्यांच्या ‘अंधारवारी’ पर्यंतही येऊन पोचतो. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने भरविलेल्या पुस्तक आदानप्रदान सोहळ्यांत वाचक घरची पुस्तके देऊन दुसरी नेतात. फळीवरून निघून गेलेल्या पुस्तकास पुन्हा हात लागण्याचा हा एक मार्ग. विद्यापीठीय ग्रंथालयांनी अशा ठिकाणी ग्राहक म्हणून उभे राहण्यात काही कमीपणा नाही.

मात्र नवी आवृत्ती जुन्या प्रतीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. जुन्या वाचनालयीन प्रतीच्या अखेरच्या पानावर एक चिठ्ठी डकविलेली असे, तीवर परतीच्या तारखांचे शिक्के असत. एखादे पुस्तक कोणत्या वर्षी किती वेळा बाहेर गेले, पावसाळ्यात अधिक गेले की परीक्षांनंतर, मागणी केव्हा ओसरली, ह्याचे अशा पुस्तकांपुरते दुसरे लिखित साधन सहसा उरलेले नाही. पुस्तक पुन्हा बांधावयास दिले की बांधणावळ करणारा प्रथम हीच चिठ्ठी फाडून टाकतो.