हिमलोटातील शोध व सुटका

डोंगरउतारावर थरावर थर साचलेले बर्फ, खालचा एखादा दुबळा थर भार पेलेनासा झाला म्हणजे, अखंड फळीसारखे निसटून खाली कोसळते, त्यास हिमलोट म्हणतात. बहुतेक लोट ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. आणि राखलेल्या वाटा सोडून हिवाळी भ्रमंती करणाऱ्यांवर जे अरिष्ट ओढवते, त्यात सुमारे ९० टक्के प्रसंगी तो थर मोडतो तो त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भाराने.

सुटकेच्या शास्त्रास निर्णायक वळण मिळाले ते १९९४ साली. स्वित्झर्लंडात १९८१ ते १९९१ या काळात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या ४२२ स्कीपटूंच्या नोंदी तपासून ‘नेचर’ नियतकालिकात जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार पंधराव्या मिनिटापर्यंत जगण्याचा संभव ९२ टक्के असतो आणि पस्तिसाव्या मिनिटास तो ३० टक्क्यांवर येतो. या वीस मिनिटांतील संहार थंडीचा नव्हे, गुदमरण्याचा होय: लोट थांबताच बर्फ घट्ट थिजते, छाती हलेनाशी होते, आणि उच्छ्वासाची वाफ तोंडापुढे गोठून हवेची वाट बंद करते. ज्याच्या तोंडापुढे पोकळी राहिली तोच पुढे तग धरतो. सियाचिन येथे फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, हा अत्यंत विरळा अपवाद. पुढे रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

खालच्या गावातील सुटका पथक, वर्दी पोचून हेलिकॉप्टर तत्काळ निघाले तरी, पंधरा मिनिटांत क्वचितच येऊन ठेपते. म्हणून खरा तारणहार तो सोबतीच. प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचे संदेशयंत्र, पाठीवर घडीची लांब सळई व धातूचे फावडे, आणि या तिहींचा आधी केलेला सराव, हा सरंजाम ज्यांच्यापाशी नाही त्यांनी उताराची वाट धरूच नये. यंत्राने जागा हेरावी, सळईने खोली जोखावी, सळई तशीच रोवून ठेवावी. मग ऐन डोक्यावर न खणता उताराच्या खालच्या अंगाने आडवे खणत जावे, आणि प्रथम तोंड व छाती मोकळी करावी.

जगण्याच्या संभवाच्या वरील आकड्यांस एक मर्यादा आहे. जे आपसांत खणून निघाले व धडधाकट घरी परतले, त्यांची खबर पुष्कळदा कोणत्याच दफ्तरात पोचत नाही. सबब नोंदींवरून काढलेले मृत्यूचे प्रमाण वास्तवापेक्षा अधिक दिसण्याचा संभव असतो.

सुटकेहून श्रेष्ठ तो परिहार. दावोस येथील हिम व हिमलोट संशोधन संस्था हिवाळ्यात नित्य इशारापत्रक काढते. त्यातील धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी युरोपात १९९३ पासून रूढ आहे. पाचांपैकी तिसरी म्हणजे मध्यम धोका, असा समज सहज होतो व तो घातक आहे: हिवाळ्याच्या साधारण ३० टक्के काळात ही पायरी जाहीर असते, परंतु सुमारे निम्मे मृत्यू तिच्यावरच घडतात.