हायाबुसा, टेम्पेस्ट आणि निजामाचे राज्य

दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्कराचे सर्वाधिक संख्येने बनलेले लढाऊ विमान म्हणजे नाकाजिमा कंपनीचे की-43 ‘हायाबुसा’, अर्थात बहिरी ससाणा, आणि त्याचा मराठवाड्याशी संबंध सांगणे वरवर पाहता ओढूनताणून वाटेल. परंतु नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाचे नाव धारण करणारी ब्रिटिश हवाई दलाची 152 क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची लढाऊ तुकडी, ब्रह्मदेश आघाडीवर स्पिटफायर विमाने घेऊन हायाबुसांशी झुंजली होती. तिच्या बोधचिन्हावर संस्थानाच्या शासकाचे, म्हणजे निजामाचे, शिरोभूषण होते आणि ‘एकनिष्ठ दोस्त’ अशा अर्थाचे इंग्रजी ब्रीद होते. हे नाव निजामाच्या देणगीमुळे मिळाले होते. त्याच्या वैभवाचा मोठा भाग गोदावरी-मांजरा खोऱ्यांतील शेतसाऱ्यासारख्या उत्पन्नावर उभा होता, याची नोंद मात्र कोणत्याही बोधचिन्हावर असण्याचे कारण नव्हते.

हायाबुसा हलके, चटकन वळणारे, पण चिलखत आणि शस्त्रे यांत उणे असे विमान होते, त्यामुळे युद्धाच्या उत्तरार्धात ते मागे पडले. 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर अशी अनेक विमाने चीनच्या ईशान्य भागात, म्हणजे मांचुरियात, बेवारस राहिली. चिनी कम्युनिस्टांनी 1 मार्च 1946 रोजी तोंगह्वा येथे आपली पहिली वैमानिकी शाळा काढली, तेव्हा या मोडक्या विमानांबरोबर हायाशी याइचिरो या जपानी अधिकाऱ्यालाही त्याच्या शरण आलेल्या सहकाऱ्यांसह कामाला लावले. पेट्रोलची टंचाई असल्याने मद्यार्कावर इंजिने चालवणे, सायकलच्या पंपाने चाकांत हवा भरणे आणि विमाने हलवण्यासाठी जनावरे जुंपणे, असे उपाय तेथे करावे लागले. हायाबुसाने चिनी कम्युनिस्टांना विजय मिळवून दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्या शाळेची खरी कमाई यंत्रापेक्षा यंत्र चालवणारी माणसे घडवण्यात होती.

निजामाला नेमकी हीच गोष्ट साधली नाही. परक्या साम्राज्याच्या तुकड्यांसाठी पैसा देणाऱ्या या संस्थानाकडे 1948 मध्ये स्वतःचे लढाऊ हवाई दल नव्हते. टाटांच्या भागीदारीत 1945 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजची डाकोटा विमाने, म्हणजे महायुद्धात मालवाहतुकीसाठी वापरलेली विमाने, प्रवाशांसाठी होती. भारतात सामील न होता वेगळे राहू पाहणाऱ्या या संस्थानाकडून तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी कराचीहून शस्त्रे चोरून आणण्याचा मार्ग पत्करला गेला, आणि त्यासाठी लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचे नागरी रूप असलेली लँकेस्ट्रियन विमाने बीदरसारख्या धावपट्ट्यांवर उतरू लागली. कॉटनच्या साहसाचे पुढे पुष्कळ कौतुक झाले. ज्या खेड्यांवर रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या संघटनेची, दहशत होती, तेथे त्या कौतुकाला जागा नव्हती. त्या संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरलाच वकिली करीत असे.

13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरले, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले आणि उमरग्यापर्यंत मजल गेली. दुसऱ्या दिवशी उमरगा-राजेश्वर रस्त्यावर दबा धरून बसलेल्या मोर्च्यांचा हवाई टेहळणीतून पत्ता लागताच टेम्पेस्ट विमानांनी हल्ले चढवून वाट मोकळी केली. या मोहिमेतील हवाई बाजू पुण्याहून सुब्रतो मुखर्जी सांभाळत होते. टेम्पेस्ट-2 हे चार तोफांचे ब्रिटिश विमान जपानविरुद्ध पूर्वेकडे लढण्यासाठी सज्ज केले जात होते, परंतु युद्ध आधीच संपल्याने त्याची हायाबुसाशी गाठ पडलीच नाही. काश्मीरमधील लढाईत वापरल्यानंतर ते मराठवाड्याच्या सीमेवरील रस्त्यांवर, ब्रिटिशांच्या त्या ‘एकनिष्ठ दोस्ता’च्या फौजेविरुद्ध वापरले गेले. औरंगाबाद आणि जालन्याकडून आलेली दुसरी तुकडी लातूर व मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, येथे पोहोचली आणि 17 सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

जेट विमाने आल्यावर 1950 च्या दशकात टेम्पेस्ट भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. त्यांपैकी एक पालमच्या संग्रहालयात ठेवले गेले आणि काही सांगाडे पुढे ब्रिटनमध्ये परत नेण्यात आले, कारण त्या देशाने स्वतःकडची टेम्पेस्ट-2 प्रकारची विमाने जपलीच नव्हती.