सेवेला मताचा विटाळ होत नाही

‘चांगला माणूस होता, उगाच राजकारणात पडला.’ वस्तीत, शाळेत, संस्थेत वर्षानुवर्षं राबलेल्या कुणी पालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला, की आपल्या सुशिक्षित घरांत हे वाक्य हमखास निघतं. सेवा निरपेक्ष असते. जो मत मागायला आला, त्याची आधीची सगळी सेवा त्या मतासाठीच होती, असं त्यामागचं गृहीतक असतं.

या मताचे पाठीराखे सामान्य नाहीत. विनोबांनी राजनीतीहून लोकनीती श्रेष्ठ मानली. जयप्रकाशांनी १९५४ मध्ये भूदानासाठी जीवनदान जाहीर केलं आणि पक्षीय राजकारणाकडे पाठ फिरवली. आजचा अनुभवही त्याच बाजूने साक्ष देतो. ‘समाजसेवक’ अशी बिरुदं लावलेले फलक, वह्यावाटप, देवदर्शनाच्या बसगाड्या, रुग्णवाहिकेवर देणाऱ्याचा फोटो. आणि निकाल लागला की त्या गल्लीत पुन्हा कुणी फिरकत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो.

उदाहरण मृणाल गोरे यांचं घेऊ. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात आल्या. पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्यासह गोरेगावात राहू लागल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत तिथे बायकांसाठी कुटुंबनियोजनाचं काम उभं केलं. १९५८ मध्ये पती गेले. पदरी लहान मुलगी होती. तिथून पुढे त्या नुसती सेवा करत राहिल्या असत्या, तर आज त्यांच्याविषयी सगळे आदराने बोलले असते आणि गोरेगावचे नळ कोरडेच राहिले असते.

नळ कोरडे का होते, हे समजून घ्यायला हवं. गोरेगावपासून दहिसरपर्यंतचा पट्टा १९५७ मध्ये मुंबई महापालिकेत आला. हद्द वाढली, लोकवस्ती झपाट्याने वाढली; पण जलवाहिन्या काही एका ठरावाने वाढत नाहीत. झोपडपट्टीत तर अडचण दुहेरी. घर अनधिकृत म्हणून नळही नाही. पहाटेच्या अंधारात हंडा-कळशी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला सेवाभावी माणूस काय देणार? फार तर एखादा टँकर. तिला हवी होती जलवाहिनी, आणि जलवाहिनी कुणाच्या करुणेने येत नाही. ती अर्थसंकल्पात तरतूद होऊन, स्थायी समितीत खर्च मंजूर होऊन, जलअभियंत्याच्या खात्याकडून येते. मुंबईचा १८८८ चा कायदा असा आहे की कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती आणि पैसा मंजूर करण्याचा हक्क निवडून आलेल्यांच्या हाती. आयुक्तांना सभागृहात जाब विचारता येतो तो नगरसेवकाला. १९६१ मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या, त्या या दारातून आत जाण्यासाठी. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं ते त्यानंतर.

निवडून आल्यावर त्या रस्त्यावरून उठल्या नाहीत, हे आक्षेपकांनी नीट पाहावं. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या आणि त्याच सुमारास अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांबरोबर महागाईविरुद्ध लाटणी हातात घेऊन मोर्चे काढत होत्या. रॉकेल, तेल, साखर यांच्या टंचाईचा प्रश्न सभागृहात मांडायचा आणि तोच घेऊन मंत्रालयावर चालून जायचं, ही दोन वेगळी कामं आहेत असं त्यांना कधी वाटलं नाही. पुढे आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास सोसला आणि १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या.

मला सर्वात बोलकं वाटतं ते गर्भलिंगचाचणीचं प्रकरण. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्री-संघटना या चाचण्यांविरुद्ध धरणी धरत होत्या, माहिती गोळा करत होत्या, डॉक्टरांशी वाद घालत होत्या. पण जोवर कायद्याचा आधार नव्हता, तोवर डॉक्टरने ‘माझ्या धंद्यात लक्ष घालू नका’ म्हटलं की बोलणंच खुंटायचं. मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं. बाहेर संघटनांचा रेटा, आत आमदाराचं विधेयक; १९८८ मध्ये महाराष्ट्राने असा कायदा केला, देशात पहिल्यांदा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. यात सेवा कुठे संपली आणि राजकारण कुठे सुरू झालं, ते कुणी दाखवावं.

ही वाट मृणालताईंच्याही बरीच आधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी कुणाची मंजुरी लागली नाही. पण व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पुणे नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विरोधात मत द्यायला सभासदच असावं लागलं. १८७६ पासून ते सभासद होते, निवडलेले नव्हे, नेमलेले. तरी ३२ जणांत एकट्याने त्यांनी ते मत दिलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःच्या हौदावर त्यांची सत्ता होती; शहराच्या तिजोरीवर बोलायला सभागृहच लागलं.

वह्या वाटणाऱ्यांबद्दलच्या आक्षेपाचं उत्तरही इथेच सापडतं. वही देणारा माणूस घेणाऱ्याला उपकृत करतो, आणि पुढच्या वेळी मत मागतो ते त्या उपकाराच्या बदल्यात. पाण्यासाठी बायकांना पालिकेच्या दारात उभं करणारी बाई त्यांना भांडायला शिकवते. आणि त्या उद्या तिच्याशीही भांडू शकतात. या दोघांना एकाच नावाने ओळखणं हा अन्याय आहे.

एक अडचण मात्र मी टाळणार नाही. प्रभागाच्या निवडणुकीचा खर्च आज सामान्य कार्यकर्त्याच्या आवाक्याबाहेर गेला आहे, पक्षाच्या तिकिटाशिवाय टिकाव कठीण. पण त्यावर ‘मग भल्यांनी लांबच राहावं’ हा उपाय नव्हे. मुंबईत मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. संस्था तर तेव्हाही होत्या, निवेदनं देत होत्या. मात्र त्या निवेदनांवर उत्तर द्यायला बांधील असलेलं सभागृहच नव्हतं. आणि सभागृह असूनही आत भांडणारं कुणी नसेल तर काय होतं, तेही पाहा: अनधिकृत झोपडीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही, हे सांगायला २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला यावं लागलं. गोरेगावात तीच मागणी करणाऱ्या बाईला पालिकेत पाठवून तेव्हा अर्धशतक उलटलं होतं.

प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. आपापल्या प्रभागात त्या जागांवर कोण बसलं आहे आणि तो माणूस कोणत्या वस्तीत राबलेला आहे, एवढं तरी संस्थांनी विचारावं. आणि जो राबलेला आहे त्याने पुढच्या निवडणुकीला अर्ज भरला, तर त्याच्या प्रचाराला जावं.