ड्रुअँ, जोनाथन

(२८ मार्च १९९५– ). कॅनडाचा आइस हॉकीपटू. क्वेबेक प्रांतात जन्म. लेफ्ट विंगला खेळतो. नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) टँपा बे लाइटनिंग संघाने २०१३ मध्ये त्याला निवडले आणि चार वर्षांनी दुसऱ्या संघाला दिले. मधल्या काळात, २०१६ च्या हिवाळ्यात, तो टँपाकडून पुन्हा खेळेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हते. नव्याने निवडलेल्या खेळाडूच्या हातात किती थोडे असते, हे त्या हिवाळ्याने उघड केले.

हॅलिफॅक्स मूसहेड्स या ज्युनियर संघात नेथन मॅकिनन त्याचा जोडीदार होता. २०१२-१३ च्या हंगामात ड्रुअँने ४९ सामन्यांत १०५ गुण मिळवले (गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज म्हणजे गुण), आणि संघाने मेमोरियल कप हा कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला अव्वल चषक जिंकला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मॅकिनन पहिला, ड्रुअँ तिसरा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने नावे घेतात, तळाच्या संघांना आधी संधी मिळते, आणि नाव घेणाऱ्या संघाकडे खेळाडूचे हक्क जातात. पहिल्या कराराच्या रकमेलाही कमाल मर्यादा असते.

पुढचे वर्ष मात्र ड्रुअँला पुन्हा हॅलिफॅक्समध्येच काढावे लागले. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या वीस वर्षांखालच्या खेळाडूला तेव्हा अमेरिकन हॉकी लीग (एएचएल) या दुय्यम लीगमध्ये पाठवता येत नसे. एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. तिथे त्याने ४६ सामन्यांत १०८ गुण केले. त्या पातळीवर शिकण्यासारखे त्याला फारसे काही उरले नव्हते.

टँपामध्ये अडचण वेगळीच होती. संघ फार चांगला होता. टायलर जॉन्सन, ओंद्रेय पालात आणि निकिता कुचेरोव्ह हे त्रिकूट भरात होते. जॉन्सनला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेच नव्हते आणि पालातचे नाव २०८ व्या क्रमांकावर आले होते. जॉन्सन आणि पालात प्रशिक्षक जॉन कूपर यांच्या हाताखाली एएचएलमध्ये तयार झालेले. बचावाची मेहनत त्यांच्या अंगवळणी पडली होती. ड्रुअँचा जीव पकवर (रबरी चकतीवर), पासवर. २०१४-१५ मध्ये ७० सामन्यांत त्याने ३२ गुण केले, पण गोल फक्त चार. त्या वर्षी लाइटनिंग स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोहोचले. प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) २६ सामन्यांपैकी ड्रुअँ सहाच खेळला.

नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने दुसऱ्या संघाकडे पाठवण्याची मागणी खासगीत केली. जानेवारीच्या सुरुवातीला त्याला एएचएलच्या सिरॅक्यूज क्रंच संघात धाडले, आणि लगेच त्याचा एजंट ॲलन वॉल्श याने ती मागणी जाहीर केली. २० जानेवारीला सिरॅक्यूजचा सामना होता. ड्रुअँ उतरलाच नाही: अदलाबदल तोंडावर आली असताना दुखापत नको, अशी त्याची बाजू. लाइटनिंगने त्याला बिनपगारी निलंबित केले. विशीतला मुलगा कुठल्याच संघात नाही, आणि बाहेर त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का. त्याची घाई चुकली, पण तक्रार खोटी नव्हती. बाकावर बसून कुठलाही आक्रमक खेळाडू घडत नाही.

सरव्यवस्थापक स्टीव्ह आयझरमन स्वतः थोर खेळाडू. पडत्या भावात ड्रुअँला देऊन टाकायला त्यांनी नकार दिला. अदलाबदलीची २९ फेब्रुवारीची मुदत टळली तरी तो टँपाचाच राहिला. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. आणि त्याच तोडीचे धैर्य मार्चमध्ये ड्रुअँने दाखवले. तो मुकाट्याने सिरॅक्यूजला परतला आणि दहा सामन्यांत नऊ गोल केले.

एप्रिलमध्ये कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोसच्या शरीरात रक्ताची गुठळी सापडली, शस्त्रक्रिया झाली, आणि ड्रुअँला बोलावणे आले. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्धच्या मालिकेत ब्रुकलिनमधल्या तिसऱ्या सामन्यात थॉमस हिकीच्या जबर धडकेने तो कोसळला आणि ड्रेसिंग रूममध्ये गेला. परत येऊन त्याने अखेरच्या मिनिटात कुचेरोव्हला बरोबरीचा गोल मिळवून दिला. जादा वेळेत ब्रायन बॉयलने सामना जिंकला. त्या प्लेऑफमध्ये ड्रुअँचे १७ सामन्यांत १४ गुण झाले.

पुढच्या हंगामात त्याने २१ गोलांसह ५३ गुण केले. आता त्याला भाव होता. १५ जून २०१७ रोजी आयझरमन यांनी त्याला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सला देऊन मिखाइल सर्गाचोव्ह हा तरुण बचावपटू घेतला. वेतनमर्यादा आणि वेगासच्या नव्या संघाला इतर संघांतून खेळाडू निवडू देणारा ड्राफ्ट, दोन्ही दृष्टींनी टँपाला हे सोयीचे होते. सर्गाचोव्हने २०२० आणि २०२१ चे स्टॅन्ली कप टँपासाठी जिंकले.

मॉन्ट्रियलने ड्रुअँशी सहा वर्षांचा, ३.३ कोटी डॉलरचा करार केला. फ्रेंच भाषक क्वेबेकी खेळाडू, हॉकीवेडे शहर, आणि त्यात मधल्या जागी, सेंटरला खेळवण्याचा प्रयोग. दडपण मोठे होते. २०२१ मध्ये तो रजेवर गेला आणि नंतर चिंताविकार व निद्रानाशाबद्दल मोकळेपणाने बोलला. २०२३ मध्ये त्याने अवघ्या एका वर्षाच्या करारावर मॅकिननचा कोलोरॅडो संघ गाठला. त्या हंगामातले ५६ गुण ही तोवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी होती. जुलै २०२५ मध्ये तो न्यूयॉर्क आयलँडर्सकडे गेला.