कानापुढची गाठ

विल्हेल्म राँटगेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच तोंडात धरून स्वतःच्याच दाढांचा फोटो काढून घेतला. त्यासाठी २५ मिनिटं निश्चल पडून राहावं लागलं. दात असे दिसले, पण त्यांना हलवणारा जबड्याचा सांधा पुढची कित्येक वर्षं नीट दिसेना.

अडचण जागेची होती. हा सांधा कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या बुडाशी. बाजूने किरण सोडले की पलीकडचा जबडा आणि अंतर्कर्ण सांभाळणारं टणक हाड यांच्या सावल्या त्यावर पडत. व्हिएन्नाच्या आर्थर शुलर यांनी १९०५ च्या सुमारास किरण वरून तिरपे सोडून त्यातून वाट काढली. 

मात्र वाट निघाली ती हाडापुरतीच. कानापुढे सूज आहे, चावताना दुखतं, तोंड पुरतं उघडत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला लाळग्रंथीची गाठ असेल किंवा कानाचं दुखणं असेल, असंच डॉक्टरांना बहुधा वाटे. त्यासाठी जुन्या डॉक्टरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. सांध्याच्या अस्तरातून उगवणाऱ्या गाठी मुळात दुर्मीळ आणि कूर्चा तर एक्स-रेत उमटतच नाही.

यातल्या एका विकारात अस्तरातच कूर्चेच्या गुठळ्या तयार होतात आणि सुटून सांध्यात फिरू लागतात. सांध्यातल्या अशा सुट्या खड्यांची नोंद फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांच्या नावावर, १५५८ ची आहे. पण ती गुडघ्यातली. जबड्याच्या सांध्यातला पहिला रुग्ण म्हणून हवाला दिला जातो तो जर्मन शल्यविशारद आक्सहाउझेन यांचा, १९३३ चा. साबुदाण्यासारखे हे दाणे चुना धरेपर्यंत एक्स-रेला त्यांचा पत्ताच नसतो.

चाळीसच्या दशकात डेन्मार्कच्या फ्लेमिंग न्योरगार्ड यांनी सांध्यात सुईने रंगद्रव्य सोडून फोटो काढले. रुग्णाला ते दुखायचं, पण आतल्या पोकळीचा आकार प्रथमच समजला. खरा पालट झाला तो १ ऑक्टोबर १९७१ ला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन निघाला. आता एकावर एक पडणाऱ्या सावल्यांचा प्रश्नच उरला नाही. वाढलेलं हाड जबड्याच्या मूळ हाडाशी मगजासकट सलग आहे की बाजूला वेगळं काही उगवलं आहे, आणि सांध्याच्या खोबणीचं छत कुरतडलं गेलं आहे का, हे काप पाहून सांगता येऊ लागलं. त्या छताच्या वर लगेच मेंदू असतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी हे कळणं मोलाचं.

ऐंशीच्या दशकात एमआरआय आला आणि त्याने एका गाठीची ओळखच पटवून दिली. अस्तर झालरीसारखं वाढून त्यात पुनःपुन्हा रक्त झिरपत राहतं, असा हा विकार. याफे, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो यांनी १९४१ मध्ये त्याला नाव दिलं. झिरपलेल्या रक्तातलं लोह पेशींत साठतं आणि एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात गडबड करतं. त्यामुळे पाणी जिथे पांढरं दिसायला हवं, त्या चित्रातही ही गाठ काळीकुट्ट दिसते.

एवढं होऊनही एक गाठ तज्ज्ञांना चकवतेच. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साठून झालेला गोळा सीटीत चुन्याने भरलेला दिसतो, हाड खातो, आणि कूर्चेच्या कर्करोगाची शंका येते. हे स्फटिक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यातल्या पाण्यात, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. जबड्यातल्या गोळ्याचा निकालही शेवटी तिथेच लागतो. फक्त तुकडा मऊ करण्यासाठी प्रयोगशाळेत तो आम्लात घातला, तर स्फटिक विरघळून जातात आणि काचपट्टीवर त्यांच्या रिकाम्या जागा तेवढ्या उरतात.